प्रश्नपत्रिका कोणी वाचावी?

1897 सालच्या जून महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील केंब्रिज या विद्यानगरीत, रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा पहिला भाग देण्यासाठी, नुकतीच सतरा वर्षे पुरी केलेली एक विद्यार्थिनी स्वतंत्र खोलीत बसली होती. तिच्या टंकयंत्राच्या आवाजाने इतर मुलींचे चित्त विचलित होऊ नये म्हणून खोली वेगळी दिलेली होती, आणि मध्येच कोणी आत येऊ नये म्हणून दारावर एका माणसाचा पहाराही ठेवलेला होता. ही विद्यार्थिनी म्हणजे हेलन केलर. तिला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. तिच्या शाळेचे प्रमुख आर्थर गिलमन शेजारी बसून हस्तवर्णमालेतील अक्षरे तिच्या हातावर उमटवीत. आधी सबंध प्रश्नपत्रिका एकवार, मग एकेक वाक्य सुटे. आणि वाक्य आपल्यापर्यंत नेमके पोचले की नाही याची खात्री व्हावी म्हणून ती ते स्वतः मोठ्याने उच्चारून दाखवी. उत्तरे टंकित झाली की तिने काय लिहिले आहे तेही गिलमन याच रीतीने तिला सांगत, आणि ती सुचवील त्या दुरुस्त्या कागदावर करीत.

दोन वर्षांनी, 1899 च्या जूनमध्ये, परीक्षेचा उरलेला भाग आला तेव्हा महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांनी वेगळी तजवीज केली. तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी प्रश्न वाचून दाखवावेत याला त्यांनी मंजुरी दिली नाही. त्याऐवजी एका अपरिचित शिक्षकाकडून प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेल लिपीत उतरवून घेतल्या. भाषांच्या प्रश्नपत्रिकांत यामुळे काही अडले नाही. पण बीजगणितात हेलनला सवय होती ती इंग्रजी ब्रेलमधील चिन्हांची, आणि अमेरिकन पद्धतीतील कंस, महिरपी कंस व मूळचिन्ह यांची रूपे त्याहून भिन्न होती, हे परीक्षेला अवघे दोन दिवस उरले असता तिच्या ध्यानात आले. पत्र लिहून चिन्हांचा तक्ता तिने मागवला, रात्री बसून तो घोकला, आणि ती उत्तीर्ण झाली. पुढे 1904 साली ती पदवीधरही झाली. परंतु त्या दिवशी तिला मिळालेले गुण हे बीजगणिताचे किती आणि अपरिचित चिन्हे दोन दिवसांत पाठ करण्याच्या शक्तीचे किती, याचा निवाडा त्या उत्तरपत्रिकेवरून कोणालाही करता आला नसता.

परीक्षाशास्त्राचा सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो. परीक्षा हे मापनाचे साधन आहे, आणि ज्या गुणाचे मापन करावयाचे त्याखेरीज दुसऱ्याच कशाचा भार मापावर पडत असेल तर ते साधन सदोष होय. प्रिन्स्टन येथील परीक्षणसंस्थेत आयुष्य वेचलेले मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल मेसिक यांनी या दोषाची तात्त्विक मांडणी केली: मापनाचा विषय एक, आणि गुणांतील चढउतारांचे कारण त्या विषयाशी संबंध नसलेले. तराजूला पासंग असावा तसा हा प्रकार आहे. डिस्लेक्सिया असलेल्या मुलापुढे काळ, काम आणि वेग यांवरचे आठ ओळींचे शाब्दिक उदाहरण ठेवले, आणि अक्षरे जुळवण्यातच त्याची सारी शक्ती खर्ची पडली, तर शून्य गुण मिळाले ते त्याच्या गणिताला नव्हेत. तेच उदाहरण कोणी स्वच्छ वाचून दाखवले तर पासंग निघून जातो. त्या मुलावर यात कोणी उपकार केला असे समजण्याचे कारण नाही. दुरुस्त झाले ते परीक्षकाचेच साधन.

मात्र हाच न्याय सर्वत्र लावता येत नाही, आणि म्हणूनच हा विषय केवळ सहानुभूतीचा न राहता शास्त्राचा होतो. परीक्षा जर वाचनाचीच असेल तर? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 साली असे प्रतिपादन केले की वाचन हा दोन शक्तींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द ओळखण्याची शक्ती आणि ऐकलेल्या भाषेचा अर्थ लावण्याची शक्ती. गुणाकार अशासाठी की, दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलही शून्यच येते. आता लहान इयत्तेतील मूल शब्द ओळखू शकते की नाही हे पाहण्यासाठी दिलेला उतारा दुसऱ्याने वाचून दाखवला, तर पाहण्याची वस्तूच नाहीशी झाली. पण वरच्या इयत्तेत उताऱ्यातील युक्तिवाद विद्यार्थ्याला उमगला का, एवढेच जाणून घ्यावयाचे असेल, तर तो उतारा डोळ्यांनी आत गेला की कानांनी, याने काय बिघडते? उत्तर प्रश्नकर्त्याच्या हेतूत आहे. आणि दुर्दैवाने पुष्कळ प्रश्नपत्रिकांत हा हेतू कोठेच नमूद केलेला नसतो.

अमेरिकेत या वादाला निकड आली ती कायद्यामुळे. 1973 च्या पुनर्वसन कायद्याने अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली, 1975 च्या कायद्याने अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला, आणि 1997 च्या दुरुस्तीने राज्यांच्या सार्वत्रिक परीक्षांतही त्यांना आवश्यक त्या सोयींसह सामावून घेणे बंधनकारक केले. तेव्हा साहजिकच हरकत निघाली की प्रश्न वाचून दाखवल्यास कोणाचेही गुण वाढतील. याची कसोटी संशोधकांनी लावली ती अशी: अपंगत्व असलेली आणि नसलेली अशी दोन्ही मुले घ्यावीत, दोघांनाही सोयीसह आणि सोयीविना परीक्षा द्यावयास लावावी, आणि कोणाला किती फरक पडतो ते पाहावे. ओरेगॉन विद्यापीठातील जेराल्ड टिंडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या चौथीच्या गणिताच्या प्रयोगात, वाचून दाखवल्याचा लाभ विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांना झाला, इतरांना तसा झाला नाही. पुढील सर्व प्रयोगांनी इतका निर्मळ निर्वाळा दिला नाही. 2005 साली स्टीफन सिरेची आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा परामर्श घेऊन, सोयींचा फायदा थोडाफार सर्वांनाच होतो पण अपंगत्व असलेल्यांना अधिक होतो, असे सौम्य विधान पुढे ठेवले. आणि 2014 साली बझिक व स्टोन यांनी वाचून दाखवण्याच्या सोयीवरील संशोधनाचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा हा परिणाम गणितापेक्षा वाचनाच्या परीक्षेत मोठा दिसला. ज्या विषयात सोय सर्वांत प्रभावी त्याच विषयात ती सर्वांत वादग्रस्त ठरावी, हे गॉफ-टनमर यांचा गुणाकार ध्यानात घेतला तर स्वाभाविकच वाटते.

आता प्रत्यक्ष वाचकाकडे वळू. मोठ्याने वाचणे यात काय कठीण, असे ज्यांना वाटते त्यांनी प्राथमिक अंकगणितातील एकच प्रश्न घ्यावा: ‘4038 ही संख्या अक्षरी लिहा.’ वाचकाने सहज ‘चार हजार अडतीस’ असे वाचले की उत्तर सांगून झाले. तेथे ‘चार, शून्य, तीन, आठ’ असे सुटे अंकच वाचले पाहिजेत. त्याच पानावर पुढे ‘4038 रुपयांना घेतलेली सायकल’ आली, तर मात्र संख्या सबंध वाचण्यास प्रत्यवाय नाही, कारण तेथे परीक्षा नफातोट्याची आहे. ‘दोन गुणिले तीन अधिक चार’ असे एका दमात वाचले तर कंस कोठे आहे ते ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. ‘कंस सुरू’, ‘कंस पूर्ण’ हे शब्द उच्चारलेच पाहिजेत. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर पर्यायावर वाचकाचा स्वर नकळत किंचित रेंगाळतो, आणि चाणाक्ष मुलाला तेवढे पुरते. म्हणून वाचकाचा आवाज समतोल असावा, त्याने खुलासा करू नये, विद्यार्थी म्हणेल तितक्या वेळा वाचावे, आणि कोणता मजकूर कसा वाचावयाचा याची लेखी टिपणी त्याच्या हाती आधीच असावी, असा शिरस्ता पडला. संगणकाच्या आवाजाने स्वराचा प्रश्न सुटतो. अंक आणि चिन्हे कशी वाचावीत हा प्रश्न मात्र सुटत नाही, कारण ते यंत्रालाही कोणी तरी आधी ठरवूनच द्यावे लागते.

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा सारा विचार एका वेगळ्याच पातळीवर जातो. 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकपरिषदेने खुणांच्या भाषेला वर्गातून हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्याची छाया पुढे अनेक दशके जगभरच्या बधिरशाळांवर राहिली. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयातील इंग्रजीचे अध्यापक विल्यम स्टोको यांनी 1960 साली अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना उलगडून ती स्वतंत्र व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे हे दाखवले, तेव्हा कोठे ही छाया विरू लागली. इंग्रजीचे शब्द हातांनी दाखवणे म्हणजे ही भाषा नव्हे. तेव्हा त्या भाषेत प्रश्न सांगणे हे वाचन नसून भाषांतर आहे, आणि भाषांतराची सर्व संकटे येथे उपस्थित होतात.

पहिले संकट असे की पुष्कळशा खुणा वस्तूचे रूपच दाखवतात. अमेरिकन सांकेतिक भाषेत ‘त्रिकोण’ म्हणावयाचे तर दोन्ही तर्जनींनी हवेत त्रिकोण रेखाटतात. अपूर्णांक सांगताना अंश वर आणि छेद खाली दाखवतात. ‘पुढील आकृत्यांपैकी त्रिकोण कोणता?’ हा प्रश्न त्या खुणेने विचारला की विचारण्याजोगे काही उरतच नाही. मग तो शब्द बोटांनी अक्षरे जुळवून सांगावा, तर परीक्षा भूमितीची न राहता इंग्रजी शब्द ठाऊक आहे की नाही याची होऊन बसते. दुसरे संकट उलट्या दिशेचे: लेखी वाक्याला जे मोघम ठेवता येते ते हातांना ठेवता येत नाही. ‘गाडी घराजवळ थांबली’ एवढेच लिहून लेखक मोकळा होतो. पण दुभाष्याचा हात गाडी होऊन घराच्या कोणत्या तरी एका बाजूला, कोणत्या तरी दिशेला तोंड करूनच थांबतो, आणि प्रश्नात नसलेला तपशील विद्यार्थ्यापुढे येतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते. वाचकाला जसा समतोल आवाजाचा दंडक, तसा दुभाष्याला निर्विकार चेहऱ्याचा दंडक घालता येत नाही. त्या भाषेत भुवया उंचावल्या की ‘होय की नाही’ असा प्रश्न होतो, आकसल्या की ‘कोण, काय, का’ असा प्रश्न होतो, आणि ‘जर-तर’ अशा संकेतार्थी वाक्याची खूणही भुवईच देते. चेहरा कोरा ठेवावा असा हुकूम काढणे म्हणजे प्रश्नातले प्रश्नचिन्ह खोडण्याचा हुकूम काढणे होय. याच्या जोडीला डोळ्यांची अडचण आहे: ऐकणारे मूल कानाने प्रश्न ऐकत असता आकृतीवर बोट ठेवू शकते, बधिर मुलाला एका वेळी दुभाष्याकडे तरी पाहावे लागते किंवा कागदाकडे तरी.

यांतील काही अडचणींवर ध्वनिचित्रमुद्रणाचा उपाय सापडला आहे. प्रत्येक प्रश्न आधीच सांकेतिक भाषेत मुद्रित करून संगणकावर मूळ प्रश्नाशेजारी ठेवला की विद्यार्थी तो हवा तेव्हा थांबवू शकतो, पुन्हा पाहू शकतो, आणि एका केंद्रावरचा दुभाषी कुशल तर दुसऱ्यावरचा नवखा हा अन्यायही टळतो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी मिळून चालवलेल्या स्मार्टर बॅलन्स्ड या परीक्षायोजनेत गणिताचे आणि श्रवणविषयक प्रश्न अशा रीतीने उपलब्ध केले गेले. तरीही एक मर्यादा राहतेच. अमेरिकेत दहांपैकी नऊहून अधिक बधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. त्यांतील अनेकांना सांकेतिक भाषा उशिरा भेटते, कित्येकांना भेटतच नाही. ज्या मुलाला ती भाषा वर्गात कोणी शिकवली नाही, त्याच्यापुढे परीक्षेच्या दिवशी दुभाषी उभा करून काय साधणार?

आपल्याकडे शाळेच्या परीक्षांत अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना सोयी देण्यात महाराष्ट्र शासनाने 1996 साली पुढाकार घेतला, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात वाढीव वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आली. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दर तासामागे किमान 20 मिनिटे जादा देण्याचे ठरवले आणि लेखनिकाबरोबर वाचकाचाही उल्लेख केला. आणि 11 फेब्रुवारी 2021 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लेखनिकाचा हक्क केवळ 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून ठेवता येणार नाही. हक्क असा दस्तऐवजांत उतरला आहे. पण लेखनिक उत्तर लिहितो. बधिर मुलाला अडते ते पुष्कळदा प्रश्नापाशीच. वास्तविक आपल्याकडे साधनांचा दुष्काळ नाही. स्वतः बधिर असलेले संशोधक मदन वसिष्ठ यांनी सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि बंगळूर येथील खुणांचा अभ्यास केला. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि 2021 पर्यंत तिच्या कोशात 10,000 शब्द जमा झाले.

तेव्हा आपल्या परीक्षामंडळांकडे मागणे एवढेच की, प्राश्निकाने प्रत्येक प्रश्नाखाली तो कशाची परीक्षा घेतो आणि त्यातील कोणता शब्द वाचावा, कोणता खुणेने दाखवू नये, याची एक ओळ लिहूनच प्रश्नपत्रिका सादर करावी. आणि दहावीच्या गणिताची एक तरी प्रश्नपत्रिका बधिर शिक्षकांच्या साहाय्याने भारतीय सांकेतिक भाषेत मुद्रित करून पाहावी. आणि दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखनिक व वाचक म्हणून मदतीस जाणाऱ्या तरुण-तरुणींना विनंती अशी की, केंद्रावर जाण्यापूर्वी जुनी प्रश्नपत्रिका त्या विद्यार्थ्यासमोर बसून मोठ्याने वाचावी, आणि आपले वाचन कोठे अडते, कोठे उत्तर सांगून जाते, ते त्यालाच विचारावे.