धरणीच्या पोटांतील पडसाद

बाजारांत मडकें घेतांना घरांतील वडील स्त्री त्यावर टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडकें पक्कें, बद्द आला तर कोठें तरी तडा आहे, हें ती न फोडतां ओळखते. ह्याच टिचकीच्या विद्येनें भूगर्भशास्त्रज्ञ हजारों मीटर खोलीवर कोणता खडक आहे व त्याच्या छिद्रांत पाणी, तेल कीं वायु आहे, ह्याचा अदमास बांधतात.

१९२१ सालीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा येथें जे. सी. कार्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुरुंग उडवून खडकांच्या थरांवरून परतणारा पडसाद नोंदला. समुद्रावर आतां दाबलेल्या हवेचे तडाखे देतात आणि जहाजामागें ओढलेले हायड्रोफोन पडसाद टिपतात. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर सागरतळाखालीं असलेला उंचवटा अशाच पाहणींत आढळला. १९७४ सालीं ‘सागर सम्राट’ ह्या वेधनमंचानें तेथें विंधन केलें आणि चुनखडकांत तेल लागलें. परंतु उंचवटा दिसणें निराळें आणि त्याच्या पोटांत काय आहे हें कळणें निराळें.

त्यासाठीं ‘ध्वनिसंरोध’, म्हणजे इंपीडन्स, उपयोगी पडतो. खडकाची घनता आणि त्यांतून जाणाऱ्या लाटेचा वेग ह्यांचा गुणाकार म्हणजे त्याचा संरोध. लगतच्या दोन थरांच्या संरोधांत जितकें अंतर, तितका पडसाद मोठा. संरोध सारखे असतील तर सरळ खालीं गेलेल्या लाटेचा पडसादच येत नाहीं. जवळच्या विहिरींत उपकरणें सोडून घनता व वेग मोजतात आणि त्या आधारें पडसादांवरून संरोध काढण्याचें उलट गणित करतात.

येथेंच खरी अडचण आहे. समजा, एका वालुकाश्मांत वेग सेकंदास ३००० मीटर व घनता पाण्याच्या २.२ पट आहे. शेजारच्या शेल खडकांत वेग २७५० व घनता २.४ पट आहे. दोहोंचा गुणाकार ६६००! नुसता गुणाकार पाहून गुणक कसे ओळखावे? शिवाय छिद्रांत थोडासा वायु असला तरी दाबाच्या लाटेचा वेग पुष्कळ घटतो. म्हणून अल्प वायूचा निरुपयोगी थर भरगच्च सांठ्याचें सोंग आणूं शकतो. अशा सोंगाला भुलून खणलेली विहीर कोरडी निघाली, तर कोट्यवधि रुपये समुद्रांत जातात.

ह्यावर उपाय म्हणून दुसऱ्या साक्षीदारास विचारतात. आडव्या कंपाच्या लाटा द्रवांतून वा वायूंतून जात नाहींत. त्या खडकाच्या सांगाड्यांतूनच जातात. त्यामुळें छिद्रांत काय भरलें आहे ह्याचा त्यांच्या वेगावर फारसा परिणाम होत नाहीं. तिरप्या कोनांतून आलेल्या पडसादांवरून हा दुसरा संरोध काढून पहिल्याशीं ताडून पाहिला, म्हणजे खडक कोणता आणि त्यांत भरलें आहे काय, हे दोन प्रश्न बरेचसे वेगळे करतां येतात. तरीही तेल आणि पाणी ह्यांतील फरक पुष्कळदां सूक्ष्मच राहतो, आणि सौराष्ट्र-कच्छांत तर वरचा कठीण बेसाल्ट लाटेस आंत धड जाऊंच देत नाहीं.

म्हणून हें शास्त्र भविष्य सांगत नाहीं. तें चुकीच्या शक्यता कमी करतें. टिचकी मारून आणलेल्या मडक्यांतही गृहिणी रात्रभर पाणी भरून ठेवते व सकाळीं खालची जमीन ओली आहे कीं काय तें पाहते. शास्त्रज्ञाचीही अखेरची परीक्षा तशीच: विहीर खणणें. टिचकीचें महत्त्व एवढेंच कीं दहा मडकीं घरीं आणावीं लागत नाहींत.