संगणकाच्या पोटात : एका केबलवरच्या दोन डिस्क

डिस्क जोडण्याच्या साटा पद्धतीच्या सात तारा जुन्या आयडीई पद्धतीच्या चाळीस तारांना मागे कशा टाकतात, ते या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या वेळी. मागच्या लेखातला मास्टर-स्लेव्हचा जंपर (एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली कोण, दुसरी कोण हे ठरवणारी चिमुकली टोपी) वाचून सोलापूरच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे, आणि तो माझ्या फार आवडीचा आहे. त्यांनी माळ्यावरचा पेंटियम ४ खाली काढलाय. घरचे फोटो त्यातल्या आयडीई डिस्कवर आहेत आणि ते मोठ्या, जरा नव्या आयडीई डिस्कवर घ्यायचे आहेत. दोन्ही डिस्क एकाच केबलवर लावल्या तर जुनी डिस्क नवीचा वेग खाली आणेल का?

दुरुस्तीच्या दुकानांत ‘हो’ असंच उत्तर वर्षानुवर्षं मिळत आलं. एके काळी ते बरोबरही होतं. इंटेलच्या पहिल्या पीआयआयएक्स कंट्रोलर चिपमध्ये एका चॅनेलवरच्या, म्हणजे एका केबलवरच्या, दोन्ही डिस्कसाठी वेळेचं एकच गणित होतं, त्यामुळे वेगवान डिस्कला मंद डिस्कच्या चालीने चालावं लागे. १९९६च्या पीआयआयएक्स-३ मध्ये स्लेव्हसाठी वेगळं रजिस्टर आलं. तेव्हापासून कंट्रोलर ज्या डिस्कशी बोलतो, तिच्याच वेगाने बोलतो. पेंटियम ४ त्याच्या बऱ्याच नंतरचा. तेव्हा जुनी डिस्क ३३ची (म्हणजे सेकंदाला ३३ मेगाबाइटची) आणि नवी १००ची असली, तरी नवी १००नेच बोलेल.

मग एकाच केबलवर कॉपी रेंगाळते, तिचं कारण काय? केबलचा ताबा. आयडीईत एका वेळी एकच डिस्क बोलू शकते, आणि एकीला दिलेला हुकूम पुरा होईपर्यंत दुसरीला हुकूम देता येत नाही. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. तिथे समोरून मालगाडी येत असली, तर एक्सप्रेस स्टेशनात उभी राहते. इंजिनाची ताकद तेवढीच असते, वेळ जातो तो मार्ग मोकळा होण्यात. सर्व्हरमधल्या स्कझी या जोडणीत हुकूम घेतलेली डिस्क माहिती शोधेपर्यंत केबल सोडून देते आणि तयार झाली की परत जोडून घेते. म्हणून सर्व्हरवाल्यांनी इतकी वर्षं स्कझीसाठी जास्त पैसे मोजले.

आकडे धरून पाहू. दोन्ही डिस्क सेकंदाला ३० मेगाबाइट वाचतात-लिहितात आणि केबल ३३ची आहे. ६०० मेगाबाइट वाचायला २० सेकंद, लिहायला २० सेकंद. वेगळ्या केबलींवर वाचणं आणि लिहिणं बरोबरीने चालतं, काम २० सेकंदांच्या आसपास होतं. एकाच केबलवर आळीपाळी, म्हणजे जवळपास ४०. केबल १००ची असेल तर तोटा कमी होतो. तेवढाच डेटा डिस्कच्या बफरमधून ६ सेकंदांत पार होतो, उरलेला वेळ केबल दुसरीला मिळू शकते. सगळ्यात वाईट जोडी हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्हची. ओरखडे पडलेली सीडी वाचताना ड्राइव्ह पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि तेवढा वेळ हार्ड डिस्क गप्प बसते.

म्हणून दोन्ही डिस्क वेगवेगळ्या केबलींवर लावा. सीडी ड्राइव्ह तात्पुरता काढा, त्याची सेकंडरी केबल नव्या डिस्कला द्या आणि जंपर मास्टरवर ठेवा. पण त्याआधी केबलच्या तारा पाहून घ्या. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण वेगाचा खरा घात बहुतेकदा याच जागी होतो.

सीडी ड्राइव्हच्या केबली पुष्कळदा ४० तारांच्या असतात. ३३च्या वर जायचं तर ८० तारांची लागते. पिना दोन्हींत ४०च. वाढलेल्या ४० तारा अर्थिंगच्या, प्रत्येक सिग्नलशेजारी एक. शेजारच्या तारांची कुजबूज त्या अडवतात. ८० तारांच्या पट्टीवरच्या रेघा बारीक आणि दाट दिसतात. निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. एकच डिस्क असेल तर ती टोकाच्या काळ्यालाच लावा. मधल्याला लावली तर मोकळं लोंबणारं टोक सिग्नल उलटा परतवतं आणि डेटात चुका होतात.

त्या चुकांचा हिशेब विंडोज एक्सपी ठेवतं. सहा चुका साठल्या की ते वेग एक पायरी उतरवतं. असं होत होत डिस्क पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीपर्यंत येते. तिथे फार तर सेकंदाला १६ मेगाबाइट, आणि तेही प्रोसेसरला राबवून. केबल बदलल्यावरही वेग आपोआप वर चढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. कॉपी सुरू करण्याआधी त्या चॅनेलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अल्ट्रा डीएमए’ हा वेगवान मोड लिहिलाय ना, तेवढं बघा.

ज्यांच्याकडे आयडीई उरलेलं नाही, त्यांनाही हे लागू आहे. दोन यूएसबी डिस्क एकाच हबला लावून एकीवरून दुसरीवर कॉपी केलीत, तर हबपासून संगणकापर्यंतची एकच तार दोघी वाटून घेतात. शक्य असेल तर दोन्ही डिस्क थेट संगणकाच्या वेगवेगळ्या पोर्टना लावा.

पुढच्या आठवड्यात नक्की साटा. प्रत्येक डिस्कला स्वतःची केबल दिल्यावर मास्टर-स्लेव्हचा जंपरच कसा निकाली निघाला, तिथून सुरुवात करू.