आकाश फिरते की पृथ्वी?

सूर्य, चंद्र व तारका पूर्वेस उगवून पश्चिमेस मावळतात, यावरून आकाशच आपल्याभोवती फिरते हा समज हजारो वर्षे कायम राहिला, परंतु इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’त आर्यभटाने, पुढे जाणाऱ्या नावेतील मनुष्यास तीरावरील अचल वस्तू जशा मागे सरकताना दिसतात, तशीच पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने स्थिर नक्षत्रे आपणांस पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे निःसंदिग्धपणे प्रतिपादले. पृथ्वीच्या या परिवलनाचा दृश्य पुरावा १८५१ साली फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाँतेओँ वास्तूत ६७ मीटर लांबीच्या तारेला लंबक टांगून, त्याच्या आंदोलनाची दिशा हळूहळू वळताना दाखवून, लोकांपुढे रुजू केला.

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीचे एक परिवलन सुमारे २३ तास ५६ मिनिटांत पुरे होते. परंतु तेवढ्या अवधीत ती सूर्याभोवतीच्या कक्षेतही पुढे गेलेली असल्यामुळे सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यास सुमारे ४ मिनिटे अधिक लागतात, आणि म्हणूनच प्रत्येक तारा रोज तितका लवकर उगवून ऋतूंबरोबर रात्रीचे आकाश पालटते. पृथ्वीच्या अक्षाच्या रोखानजीक असलेला ध्रुव तेवढा जवळजवळ स्थिर भासतो, व पुण्याहून तो क्षितिजापासून सुमारे १८.५ अंश, म्हणजे स्थळाच्या अक्षांशाइतकाच, उंच दिसतो. हे मापन प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः करून पाहावे.