टुमामॉकची वेल : दिसत नाही म्हणून दुर्मीळ?

काकडी-भोपळ्याच्या कुळातली टुमामोका मॅकडूगली ही वेल अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या दक्षिण भागात आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात आढळते. तिथे तिला ‘टुमामॉक ग्लोबबेरी’ म्हणतात. सुतळीपेक्षाही बारीक खोडे, तीन खंडांची अरुंद पाने, फिकट पिवळसर हिरवी फुले आणि पिकल्यावर लालभडक होणारी, साधारण सेंटिमीटरभर व्यासाची गोल फळे, एवढाच तिचा पसारा. वर्षातला बराच काळ तर तोही जमिनीवर नसतो. १९८६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने या वेलीची नोंद संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत केली आणि १९९३ साली ती नोंद काढून टाकली. मधल्या सात वर्षांत वेली वाढल्या असे काही झाले नव्हते. वाढली ती त्यांच्याविषयीची माहिती. वाळवंटातल्या वनस्पती राखायच्या तर आधी त्या नीट मोजाव्या लागतात आणि हे मोजणेच किती अवघड असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सोनोरन वाळवंट सुमारे २ लाख ६० हजार चौरस किलोमीटरवर पसरले आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भागात पावसाचे दोन हंगाम असतात. हिवाळ्यात पॅसिफिक महासागराकडून येणारा रिमझिम पाऊस आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये गडगडाटासह कोसळणारा वळिवासारखा पाऊस. या दुसऱ्या हंगामाला तिथेही मान्सूनच म्हणतात. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराला वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्यातला निम्मा या उन्हाळी मान्सूनचा असतो. टुमामोकाचे सारे आयुष्य या पावसाशी बांधलेले आहे. पहिल्या सरी पडल्या की जमिनीखालच्या कंदाला कोंब फुटतात. वेल भराभर वाढते, तणाव्यांनी जवळचे झुडूप पकडते आणि पानाफुलांवर येते. नर आणि मादी फुले एकाच वेलीवर असतात. फळे पिकतात, पक्षी ती खातात, थंडी सुरू होण्याच्या सुमारास खोडे वाळून जातात आणि पुढच्या पावसापर्यंत कंद तेवढा उरतो.

मराठी वाचकाला हे चक्र नवे नाही. सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात वर येणारी करटोली आणि मराठवाडा-सोलापूरच्या काळ्या रानात उगवणारी कडवंची या दोन्ही रानभाज्या याच कुळातल्या, दोन्ही कंदमुळाच्या आणि दोन्ही पावसाची वाट पाहणाऱ्या. फरक पावसाच्या भरवशाचा आहे. सोनोरन वाळवंटात हा भरवसा फारच कमी. २०२० सालच्या उन्हाळी मान्सूनमध्ये टूसॉनला अवघा ४१ मिलिमीटर पाऊस झाला. पुढच्याच वर्षी त्याच महिन्यांत तो सव्वातीनशे मिलिमीटरपर्यंत गेला. ज्या वनस्पतीला अशा वर्षांतून पार पडायचे आहे, तिला पाणी आणि अन्न साठवून गप्प बसता आले पाहिजे.

या कुळातल्या कंदांची ही ताकद किती असू शकते, हे टुमामोकाच्याच एका नातलग वेलीने दाखवून दिले आहे. इबरव्हिलिया सोनोरी ही वेलही सोनोराच्या वाळवंटातली. तिचा एक मोठा कंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये प्रदर्शनाच्या कपाटात ठेवला होता. त्याला ना माती होती ना पाणी. तरीही लागोपाठ सात उन्हाळे त्याला नवे कोंब येत राहिले. या काळात त्याचे वजन साडेसात किलोवरून साडेतीन किलोवर आले, म्हणजे निम्म्याहून अधिक साठा संपल्यावरही तो जिवंत होता. ही नोंद डॅनियल मॅकडूगल आणि एफी स्पॉल्डिंग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१० साली प्रसिद्ध केली. टुमामोकाचे कंद याच्या मानाने फारच लहान असतात आणि त्यांची सहनशक्तीही त्याच प्रमाणात बेताची असणार. तरी तत्त्व तेच आहे.

कंदाइतकाच महत्त्वाचा असतो झुडपाचा आसरा. टुमामोका उघड्या जमिनीवर क्वचितच दिसते. पालो व्हेर्दे, आयर्नवूड, मेस्किट अशा काटेरी शेंगधारी झाडांच्या किंवा क्रिओसोटसारख्या झुडपांच्या बुंध्याशी ती वाढते. यातले मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीचे जवळचे भाऊबंद. ज्या फांदीवर पक्षी बसतो, तिच्याखाली बी पडते. तिथल्या सावलीत जमिनीचे तापमान कमी राहते, पालापाचोळ्यामुळे ओल टिकते आणि वर चढायला आधार मिळतो. काट्यांमुळे चरणाऱ्या जनावरांपासूनही थोडे संरक्षण होते. पण पूर्ण नाही. रानडुकरासारखा दिसणारा जव्हेलिना हा प्राणी नाकाने जमीन उकरून कंद खातो आणि कंद गेला की वेलीचे सगळेच गेले. सांगायचे एवढेच, की ही वेल एकटी वाचवता येत नाही. तिच्यासोबत तिचे झाडही राहावे लागते आणि झाडासोबत त्याच्या सभोवतालचे वाळवंट.

शास्त्राला तिची ओळख झाली ती टूसॉनच्या पश्चिमेला असलेल्या टुमामॉक टेकडीवर. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०३ साली या टेकडीवर ‘डेझर्ट लॅबोरेटरी’ सुरू केली. वाळवंटी वनस्पती पाण्यावाचून कशा जगतात हे त्या वाळवंटातच राहून अभ्यासायचे, असा हेतू होता. कंदाची नोंद करणारे मॅकडूगल या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. टेकडीभोवतीच्या सुमारे साडेतीनशे हेक्टर जमिनीला कुंपण घालून तिथली गुरेचराई बंद करण्यात आली आणि १९०६ पासून तिथे कायमस्वरूपी निरीक्षण-तुकडे आखण्यात आले. त्यांतल्या काही तुकड्यांवर आजही नोंदी घेतल्या जातात. एका जागी चिकाटीने पाहत राहण्याची ही परंपरा जगात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे आणि तिचे मोल कितीही सांगितले तरी कमीच ठरेल. मॅकडूगल यांनी १९०८ साली या टेकडीजवळ एक अनोळखी वेल गोळा केली. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ नेल्सन रोझ यांनी १९१२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध करून तिच्यासाठी नवा वंशच निर्माण केला. वेलीच्या नावात टेकडीही आली आणि मॅकडूगलही. (याच रोझ यांनी नॅथॅनिएल ब्रिटन यांच्यासह सोनोरन वाळवंटाच्या महाकाय साग्वारो निवडुंगाला अँड्रू कार्नेगी यांच्यावरून कार्नेगिया हे नाव दिले होते.)

त्यानंतर कितीतरी दशके या वेलीचे नमुने तुरळकच मिळत राहिले. १९७३ साली अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला आणि त्यात वनस्पतींनाही स्थान मिळाले, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञांचे लक्ष अशा विस्मृतीत गेलेल्या नावांकडे वळले. त्याच सुमारास टूसॉनच्या दिशेने एक कालवा येऊ घातला होता. ‘सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट’ ही योजना कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर वाहून आणणारी. १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षे तिचे काम चालले आणि टूसॉनकडचा टप्पा सर्वांत शेवटचा होता. या टप्प्याचा मार्ग टुमामोकाच्या ज्ञात अधिवासातून जात होता. शहराची नवी वसाहत, गुरांची चराई आणि हा कालवा अशा सगळ्या दबावांचा विचार करून यू. एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने २९ एप्रिल १९८६ रोजी ही वेल संकटग्रस्त म्हणून जाहीर केली.

यादीत नाव येण्याचा अर्थ कायद्याने फार ठोस आहे. केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याला आपल्या कामामुळे त्या प्रजातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही, याची खात्री वन्यजीव खात्याशी विचारविनिमय करून द्यावी लागते. त्यामुळे कालवा बांधणाऱ्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनला या वेलीचा शोध घेणे भाग पडले. कालव्याच्या वाटेतले कंद काढून संरक्षित जागी लावण्यात आले. असे स्थलांतर ऐकायला समाधानकारक वाटते, पण ते नाइलाजाचेच काम असते. कंद खणताना दुखावला जातो, नव्या जागी योग्य झाडाची सावली जुळून यावी लागते आणि लागवड यशस्वी झाली की नाही हे पुढचे कित्येक पावसाळे पाहिल्याखेरीज कळत नाही. वेल जिथे आहे तिथेच राहू देणे हा पर्याय शक्य असेल तर दुसऱ्याचा विचारही करू नये.

खरे मोलाचे काम झाले ते शोधाचे. फ्रँक रायखेनबाखर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९८५ साली ‘डेझर्ट प्लांट्स’ या नियतकालिकात वेलीच्या स्थितीचा आढावा घेतला होता. पुढच्या वर्षांत पाहण्या अधिक विस्तृत भागात झाल्या. अशा पाहणीत झाडून साऱ्या झुडपांच्या बुंध्याशी वाकून पाहावे लागते. खोडे बारीक, पाने झुडपाच्या पानांत मिसळून जाणारी, त्यामुळे फळे लाल झाल्याशिवाय नजर ठरत नाही. फळांचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, तोही पाऊस चांगला झाला तरच. कोरड्या वर्षी एखाद्या ओढ्याकाठी एकही वेल दिसली नाही, तर तिथे वेल नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. कंद खाली स्वस्थ पडून असू शकतो. उन्हाळ्याच्या ऐन तापात वाळवंट तुडवायला वनस्पतिशास्त्रज्ञही सहसा बाहेर पडत नसत, आणि बरेचसे जुने नमुने हिवाळा-वसंतात गोळा केलेले होते. दुर्मिळतेचा एक मोठा भाग असा पाहणाऱ्यांच्या वेळापत्रकातूनच तयार झाला होता.

नव्या पाहण्यांत ॲरिझोनात आणखी ठिकाणे सापडली. त्याहून मोठी भर पडली सोनोरात. तिथे ही वेल दूर दक्षिणेपर्यंत आणि निरनिराळ्या प्रकारच्या जमिनींवर, झुडपी रानांत पसरलेली आढळली. ॲरिझोनातली वस्ती म्हणजे तिच्या प्रदेशाची उत्तर कड ठरली. १८ जून १९९३ रोजी तिचे नाव यादीतून काढण्यात आले आणि कारण नोंदवले गेले ते मूळची माहिती अपुरी असल्याचे. यात कायदा फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. यादीत नाव आले म्हणून पैसा आला, पैसा आला म्हणून पाहणी झाली आणि पाहणी झाली म्हणून चूक उघड झाली. मर्यादित निधी ज्या प्रजाती खरोखर शेवटच्या टोकाला आहेत त्यांच्याकडे वळायला हवा, हेही तितकेच रास्त आहे. मात्र नाव निघाल्यावर पाहणीची सक्तीही निघते, आणि प्रदेशाच्या कडेवरच्या विरळ वस्त्या हळूहळू घटत गेल्या तर त्याची दखल घ्यायला कुणी बांधील राहत नाही.

धोके तर बदललेलेच आहेत. त्यांतला सर्वांत मोठा धोका भारतीय शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात चाऱ्यासाठी लावले जाणारे अंजन गवत अमेरिकेत ‘बफेलग्रास’ म्हणून ओळखले जाते. आफ्रिका आणि भारतीय उपखंडाच्या शुष्क प्रदेशात ते मूळचेच असल्यामुळे इथे त्याचा उपद्रव नाही. ॲरिझोनात ते १९३० च्या दशकात चारा म्हणून आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी आणले गेले. सोनोराच्या मैदानी भागात कुरणांसाठी झुडपी राने यंत्रांनी साफ करून हे गवत पेरण्यात आले. उपग्रह प्रतिमांवरून केलेल्या अभ्यासानुसार तिथले या गवताचे क्षेत्र १९७३ मध्ये ७,७०० हेक्टर होते, ते २००० सालापर्यंत १ लाख ४० हजार हेक्टरांच्या वर गेले. कुरणाच्या कुंपणात ते थांबत नाही. झुडपांमधली मोकळी जागा ते भरून काढते, उन्हाळ्यात वाळते आणि पेटते. सोनोरन वाळवंटात वणवा पसरण्याची रीतच नव्हती, कारण दोन झुडपांच्या मध्ये उघडी माती असे. पालो व्हेर्दे आणि साग्वारो आगीत तगत नाहीत. जळाल्यावर तेच गवत मात्र मुळापासून पुन्हा फुटते. जमिनीखालचा कंद एखाद्या वणव्यातून वाचेलही, पण त्याच्या डोक्यावरचे झाड गेल्यावर पुढच्या पिढीची रोपे उभी राहायची कशाच्या सावलीत, हा प्रश्न उरतोच. त्यात सोनोरात कोळशासाठी आयर्नवूडची तोड झाली आहे. हे झाड अतिशय सावकाश वाढते आणि शतकानुशतके जगते. एक तुटले तर त्याची जागा भरून निघायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

सीमेच्या अमेरिकेकडच्या बाजूला वेलीसाठी आज सर्वांत भरीव संरक्षण आहे ते स्थानिक पातळीवरचे. टूसॉन ज्या पिमा काउंटीत येते, तिने १९९८ पासून सोनोरन वाळवंट संवर्धनाची योजना आखायला घेतली. कुठे बांधकाम होऊ द्यायचे आणि कोणते ओढे, कोणत्या टेकड्या मोकळ्या ठेवायच्या, हे प्रजातींच्या नकाशांवरून ठरवायचे, अशी तिची पद्धत. मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी १७.४ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला मतदारांनी २००४ साली मान्यता दिली. २०१६ साली काउंटीला केंद्राकडून ३० वर्षांचा परवाना मिळाला. रस्ते आणि इमारतींची कामे करण्याच्या बदल्यात ४४ प्रजातींच्या अधिवासाचे रक्षण करणे तिच्यावर बंधनकारक आहे. या ४४ मध्ये वनस्पती अवघ्या चार आहेत आणि त्यांत केंद्राच्या यादीतून १९९३ साली वगळलेली टुमामॉक ग्लोबबेरी आहे. शहराच्या कडेने डोंगरउतारांवर अंजन गवत उपटणाऱ्या स्वयंसेवकांच्या टोळ्याही आता दरवर्षी काम करतात. त्यांचे लक्ष साग्वारोवर असते, पण फायदा त्याच झाडोऱ्याखालच्या वेलीलाही होतो. सोनोरात अशी व्यवस्था नाही. तिथली बहुतेक जमीन खासगी किंवा ग्रामसमूहांच्या मालकीची, गुरांच्या कुरणांवर पोट असलेली आहे. वेलीचा बहुतांश प्रदेश त्याच बाजूला असल्यामुळे पुढच्या पाहण्याही चांगल्या पावसाच्या वर्षी, फळे लाल झाल्यावर, तिथेच व्हायला हव्यात; १९९३ च्या निर्णयाचा आधार असलेली राने आज किती उरली आहेत, हे त्याशिवाय ठरणार नाही.