तूस, राख आणि काँक्रीट

पावसाळा सरला की शहापूर-मुरबाडकडील पुष्कळ घरांच्या नि शाळांच्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसू लागतात. कित्येकांना ते मीठ वाटते. वस्तुतः तो चुना असतो, आणि तो सिमेंटमधूनच आलेला असतो. तो तेथे कसा आला, हे पाहू.

सिमेंट 'वाळत' नाही

सिमेंट वाळून घट्ट होते असा समज आहे. खरे म्हणजे सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. म्हणून तर नव्या स्लॅबवर रोज पाणी मारावे लागते. या क्रियेत मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. पहिला म्हणजे कॅल्शियम, सिलिका व पाणी यांचा बनलेला जेल. रेती आणि खडी यांना धरून ठेवणारा डिंक तो हाच. त्याचे घटक इतके बारीक असतात की ते नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजावे लागतात. दुसरा पदार्थ कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटचा जवळजवळ पाव हिस्सा तो असतो. पण तो बळ फारसे देत नाही आणि पाण्यात थोडा विरघळतो. स्लॅबमधून झिरपणारे पाणी त्याला बाहेर आणते, हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होतो आणि पांढरा ओघळ उमटतो. मागे राहतात पोकळ्या. त्यांतून आणखी पाणी शिरते आणि शेवटी सळई गंजते.

चुन्याचाच डिंक

या चुन्याला सिलिका पुरवली तर त्याचाही डिंक बनेल काय? बनतो, मात्र सिलिका बारीक आणि अस्फटिक हवी. पूर्वीचे गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालीत, त्यामागील कारण हेच. औष्णिक वीज केंद्रातील उडती राखही हेच काम करते. शहापूर तालुक्यात चोंढे येथे घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण आहे. घाटघरची धरणे ही रूळ फिरवून दाबलेल्या काँक्रीटची भारतातील पहिली धरणे होत. त्यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा उडत्या राखेचे प्रमाण अधिक आहे. राखेची क्रिया संथ असल्याने धरणाच्या पोटात उष्णता कमी निर्माण होते आणि तडे टळतात. घराच्या स्लॅबला मात्र हा संथपणा अडचणीचा ठरू शकतो.

बारीकपणाचे गणित

येथे नॅनोसिलिका उपयोगी पडते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते! रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होत असल्याने ती झपाट्याने होते. शिवाय हे कण कणांमधील फटी बुजवतात आणि नवा डिंक जमण्यासाठी बीजासारखे काम करतात. म्हणून सिमेंटच्या वजनाच्या दोन-तीन टक्के नॅनोसिलिकाही परिणाम दाखवते. पण ती महाग असते. तिचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, ते नीट पसरले नाहीत तर लाभ होत नाही. आणि मिश्रणाला पाणीही जास्त लागते.

आपल्याकडील तूस

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असते आणि तूस जाळल्यावर त्याचा सुमारे पाचवा भाग राख उरते. म्हणजे एक टन भातामागे सुमारे ४० किलो राख. तिच्यात साधारणपणे ८५ ते ९० टक्के सिलिका असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पी. के. मेहता यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, तूस नियंत्रित तापमानाला जाळले तर ही सिलिका अस्फटिक राहते. तिचे कण नॅनो आकाराचे नसतात. पण त्यांच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्याने पृष्ठफळ प्रचंड असते.

तूस सुमारे ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जाळावे लागते. वीटभट्टीत तापमान याहून वर जाते. तेथे सिलिकेचे स्फटिक बनतात आणि ती चुन्याशी जवळजवळ क्रियाच करीत नाही. अशा राखेची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना अपायकारक असते. तेव्हा भट्टीतील राख तपासल्याविना स्लॅबमध्ये मिसळणे धोक्याचे आहे.

वर्गात करून पाहा

भिजवलेला चुना एक भाग आणि चाळलेली राख दोन भाग घ्या. घट्ट मळून लहान वड्या करा. चुलीची, भट्टीची आणि मंद जाळलेल्या तुसाची अशा निरनिराळ्या राखांच्या वड्या करा. एक वडी नुसत्या चुन्याची ठेवा. सर्व वड्या ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन आठवडे ठेवा. मग त्या पाण्यात सोडा. कोणती विरते, कोणती टिकते, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी. चुना डोळ्यांना व त्वचेला अपाय करतो, म्हणून तो शिक्षकांनीच हाताळावा. राख चाळताना नाकातोंडाला ओले फडके बांधावे आणि चाळण्याचे काम उघड्यावर करावे. पाण्यात टिकलेली वडी म्हणजे चुन्याचा डिंक झाल्याची खूण. तिचे बळ किती, हे मात्र प्रयोगशाळेतच मोजावे लागेल.