गहाणातून आलेली जुनी वस्तू घेताना : अस्सलपणाबरोबर मालकीही तपासा

मुंबई : सावकाराच्या पेढीवर गहाण ठेवलेली आणि मुदतीत न सोडवलेली वस्तू शेवटी विक्रीला येते. बहुतेक वेळा ती सोन्याचांदीची असते आणि तिचा भाव वजनावर ठरतो. परंतु राणीछाप रुपयांची माळ, देवघरातील पितळी मूर्ती, कर्ण्याचा ग्रामोफोन, आजोबांचे मनगटी घड्याळ किंवा जहाजावरील म्हणून दाखवली जाणारी दुर्बीण अशा वस्तूही या वाटेने बाजारात येतात. त्या विकत घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. वस्तू अस्सल आहे का, हा पहिला. तो सगळेच विचारतात. ती विकण्याचा अधिकार समोरच्याला आहे का, हा दुसरा. तो फार थोडे विचारतात. पहिल्यात चूक झाली तर पैसे जातात. दुसऱ्यात झाली तर पैशांबरोबर वस्तूही जाते आणि प्रसंगी फौजदारी खटल्याला सामोरे जावे लागते.

गहाणाचा व्यवहार देशभर जुना आहे. चेन्नईतील सावकारपेठेचे नावच सावकारांवरून पडले आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र गहाण घेणारा त्या वस्तूचा मालक होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७६ नुसार कर्ज न फिटल्यास तो वस्तू विकू शकतो, पण गहाण ठेवणाऱ्याला वाजवी सूचना दिल्यानंतरच. कलम १७७ नुसार मुदत टळून गेली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत मूळ मालकाला पैसे भरून वस्तू सोडवून नेता येते. याशिवाय राज्यांचे आपापले कायदे आहेत. तमिळनाडूत १९४३ चा आणि कर्नाटकात १९६१ चा गहाणवट व्यवसायासाठीचा स्वतंत्र कायदा आहे, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी (नियमन) अधिनियम लागू होतो. तपशील वेगळे असले तरी परवाना आणि हिशेबाच्या नोंदी यांवर या कायद्यांचा भर आहे. ‘ही गहाणातली आहे’ असे दुकानदाराने सांगितले, तर त्याचा परवाना, गहाणाची नोंद आणि विक्रीपूर्वी दिलेली सूचना यांविषयी विचारणे हा ग्राहकाचा आगाऊपणा ठरत नाही. खरोखर गहाणातून आलेल्या वस्तूमागे असा कागद असतोच. नसेल, तर ती वस्तू कुठून तरी दुसरीकडूनच आलेली असण्याची शक्यता धरावी.

मालविक्री कायदा, १९३० च्या कलम २७ चे तत्त्व सोपे आहे : विकणाऱ्याकडे जी मालकी नाही, ती तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. काही अपवाद वगळता चोरीची वस्तू प्रामाणिकपणे आणि पूर्ण किंमत मोजून घेतली, तरी खरा मालक ती परत मागू शकतो. वस्तू चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही ती अप्रामाणिकपणे घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘तसे मानण्यास कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाजारभावाच्या दहाव्या हिश्शात मिळणारी, पावती नसलेली मूर्ती घेणाऱ्याला नंतर ‘मला ठाऊक नव्हते’ असे सांगणे जड जाते.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर पुरावशेष व कलानिधी कायदा, १९७२ लागू होतो. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. शंभर वर्षे जुनी मूर्ती, चित्र, नाणे किंवा कारागिरीची वस्तू, तसेच शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले पंचाहत्तर वर्षे जुने हस्तलिखित यांना तो पुरावशेष मानतो. अशा वस्तू विकण्याचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित वर्गांतील वस्तूंची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रासह नोंद करावी लागते आणि मालक बदलला की तेही कळवावे लागते. खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. निर्यातीच्या गुन्ह्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंड आहे. परदेशातील नातेवाइकाला भेट म्हणून जुना दिवा पाठवणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवलेले बरे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल, तर ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळू शकते.

या कायद्यामुळे बाजारात एक गंमत घडते. गिऱ्हाइकाने वय विचारले की वस्तू दीडशे वर्षांची असते. परवाना विचारला की ती एकदम नव्वदीची होते.

सोबत कागद आहेत एवढ्यानेही निश्चिंत होता येत नाही. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरलेली नटराजाची चोळकालीन मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतली. मूर्ती अस्सल होती. खोटी होती ती सोबतची कागदपत्रे. मूर्ती काही दशकांपूर्वीच भारताबाहेर गेल्याचे त्यांत दाखवले होते. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडील मंदिरांच्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर ती ओळखली गेली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भारताला परत मिळाली. मूर्तिचोरीच्या दुसऱ्या एका प्रकरणात कपूर याला नोव्हेंबर २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. एका राष्ट्राचे कलादालन जिथे फसले, तिथे सामान्य ग्राहकाने सावध असण्यात संकोच कसला?

पेढीवर येणारे नग एवढे मोठे नसतात. तिथे समई, घंटा, मुखवटा, देवाचा टाक येतो. मूर्तीचे पीठ कापलेले आहे का, घंटेवरची किंवा समईवरची दात्याच्या नावाची ओळ कानशीने घासून काढली आहे का, हे आधी पाहावे. महाराष्ट्रात भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत घरोघरी होती. नाव आणि साल शाबूत असेल, तर तो उत्तम पुरावा. खरवडलेले असेल, तर वस्तू खाली ठेवावी. हस्तिदंताच्या बाबतीत तर तपासणीचा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९८६ मध्ये भारतीय आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. डबी आजीच्या आजीची असली, तरी ती विकत घेता येत नाही.

आता अस्सलपणाकडे. नाण्यांची तपासणी त्यातल्या त्यात सोपी, कारण तिथे आकडे बोलतात. १८३५ च्या नाणे कायद्यापासून १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.६७ टक्के शुद्धतेचा. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती जाऊन निकेल आले. वजन जुळवणे नकलाकाराला जमते. वजन आणि आकारमान दोन्ही जुळवणे अवघड जाते. एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे, मात्र तळाला टेकू देऊ नये. काट्यावर दिसेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. अस्सल रुपयासाठी ते सुमारे १.१३ ग्रॅम येते. तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरच्या नाण्यासाठी १.३० च्या पुढे जाते. माळेतल्या रुपयाला कडी जोडलेली असेल, तर तिचे वजन व डाख हिशेबात धरावे लागतात. अशा नाण्याला संग्राहक कमीच भाव देतात.

मात्र धातू खरा म्हणजे नाणे खरे, असे नाही. चांदीचीच नकलही असते. कडेला साच्याची बारीक रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि बोथट अक्षरे दिसली, तर नाणे ठोकून पाडलेले नसून ओतलेले आहे. ‘छत्रपति’ अक्षरांची तांब्याची शिवराई फार मोठ्या संख्येने पाडली गेली आणि आजही परवडणाऱ्या भावात मिळते. शिवरायांचा सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे. तो पेढीच्या कपाटात सहज मिळत असेल, तर शंका हेच पहिले अनुमान. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, एका बाजूला रामपंचायतन किंवा हनुमान आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेले ‘आणे’ तर कंपनीने कधी चलनात आणलेच नव्हते. ती श्रद्धेपोटी किंवा फसवणुकीसाठी नंतर केलेली पदके आहेत. त्यांत ‘तांदूळ खेचण्याची शक्ती’ असल्याचे सांगून लोकांना लुबाडण्याचे प्रकारही घडतात. जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये मिळवून देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता : बँक अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही.

धातूच्या मूर्तीबाबत घडणीची पद्धत वय सांगत नाही. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैचे स्थपती आजही मेणाचा साचा करून चोळकाळातल्यासारखीच मूर्ती ओततात. ती मूर्ती नकली नसते, नवी असते. जुनी म्हणून विकली की फसवणूक होते. हिरवा थर आम्लाने किंवा मातीत पुरून आणता येतो. असा थर बहुधा सगळीकडे एकसारखा बसतो आणि स्पिरिटच्या बोळ्याने सुटतो. खऱ्या पूजेतली मूर्ती नाक, गुडघे, हात अशा उंच जागी झिजते आणि खाचांत वर्षानुवर्षांचे तेल-चंदन धरते. झीज चुकीच्या जागी दिसली, तर ती यंत्राची असते. अशी वस्तू चिंच-राखेने घासून लख्ख करणे हे तिचे मोल घालवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

बनावट वस्तू पुष्कळदा स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते. ‘केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असे कोरलेली पितळी नौकानयन उपकरणे दुकानांतून नेहमी दिसतात. त्या दोन नावांची कंपनी एकत्र आली ती १९४७ मध्ये. उत्तराखंडातील रुडकीत मोजणीची उपकरणे बनवण्याचा जुना उद्योग आहे आणि तिथे अशा शोभेच्या प्रतिकृतीही तयार होतात. प्रतिकृती म्हणून घेतली, तर तक्रारीचे कारण नाही. कर्ण्याच्या ग्रामोफोनचेही तसेच : चकचकीत पितळी कर्णा, नवी लाकडी पेटी, त्यावर कुत्र्याचे चित्र चिकटवलेले आणि आत एखाद्या जुन्या पेटीग्रामोफोनचे यंत्र. यंत्र खरे असते, म्हणून ते वाजतेही. बाकी सारे नवे. एचएमटीच्या किंवा जुन्या स्विस घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून केलेल्या नगांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हा काही गौरव नव्हे. एचएमटीचे घड्याळ पहिल्यांदा १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तयार झाले. त्याआधीचे ‘एचएमटी’ कोणी दाखवले, तर चर्चा तिथेच थांबावी.

रविवर्मा यांच्या छापील चित्रांना दहापट मोठे दाखवणारे जव्हेरी भिंग पुरते. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या शिळाछापात रंगांचे ठिपके अनियमित, हाताने टाकल्यासारखे दिसतात. भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांची फुले दिसली, तर छपाई अलीकडच्या ऑफसेट यंत्रावरची आहे, चौकट कितीही जुनी असो.

सोन्यासाठी पेढीवर कसोटीचा दगड किंवा क्ष-किरण यंत्र वापरतात. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्याला चकवू शकतो. ही दोन्ही साधने धातूची शुद्धता सांगतात, वय नव्हे. याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. पुतळ्यांच्या माळेतील पुतळी हे नाव ज्या नाण्यावरून आले, ते व्हेनिसचे डुकाट. त्यावरील संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला शासक यांना आपल्याकडे राम-सीता मानले गेले. पुढे इथल्या सोनारांनी त्याच्या असंख्य नकला केल्या. भिंगातून पाहिल्यावर कडेची लॅटिन अक्षरे वाचता आली, तर ते सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे मूळ नाणे असू शकते; अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या असतील, तर ती देशी पुतळी. व्हेनिसचे गणराज्य १७९७ मध्ये संपले, म्हणजे अस्सल डुकाट सव्वादोनशे वर्षांहून जुना. गहाणाच्या काट्यावर मात्र दोन्हींचा भाव एकच लागतो आणि माळ सोडवली नाही, तर दोन्ही एकाच मुशीत आटतात. माळ पेढीवर नेण्याआधी प्रत्येक नगाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढून ते नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेतील किंवा एखाद्या संग्रहालयातील जाणकाराला दाखवता येते.

खरेदी करायचीच झाली, तर पावतीवर ‘जुनी वस्तू, एक नग’ एवढेच न लिहिता धातू, वजन, मापे, लेख आणि विक्रेता सांगत असलेले वय लिहून घ्यावे. दुकानदाराचा परवाना क्रमांक आणि नोंदणीकृत वस्तू असल्यास नोंदणीचा क्रमांकही त्यावर हवा, आणि नोंदणीच्या छायाचित्रातील वस्तू समोरची हीच आहे ना, हे तिथल्या तिथे जुळवून पाहावे. तोंडाने दीडशे वर्षे सांगणारा विक्रेता तो आकडा पावतीवर लिहायला तयार नसेल, तर ग्राहकाला हवे ते उत्तर मिळालेले असते.