जुन्या मोटारीचे टायर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनवारा दरवाजाच्या आतल्या अरुंद गल्ल्या, इंदूर-इच्छापूर मार्गावरील मालमोटारींची अखंड वर्दळ आणि असीरगडाच्या बाजूची सातपुड्याची चढण, या तिन्ही ठिकाणी जिला एकाच दिवशी जावे लागते अशी बऱ्हाणपुरातील मोटार जर उत्तरपाड्याची अँबेसिडर किंवा कुर्ल्याची पद्मिनी असेल, तर तिला नायलॉन टायर घालावेत की रेडियल, या प्रश्नाचा निवाडा बहुधा दुकानाच्या गादीवर, आणि तोही ऐकीव मतांच्या आधारे होतो. ही मते सर्वस्वी निराधार असतात असे नाही. परंतु अर्धसत्याच्या भरवशावर केलेली खरेदी पूर्ण असत्यावर केलेल्या खरेदीइतकीच महाग पडते, म्हणून त्यांची एकदा नीट खातरजमा करून घेणे इष्ट होय.

प्रथम दोन्हींची रचना ध्यानात घ्यावी. टायरचे बळ मुख्यत्वे रबरात पुरलेल्या दोऱ्यांत असते. क्रॉस-प्लाय टायरात, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘नायलॉन’ म्हणतात, दोऱ्यांचे थर चाकाच्या मध्यरेषेशी साधारण तीस ते चाळीस अंशांचा कोन करून परस्परांस छेदत जातात. कापड उरेब कापून त्याचे तुकडे उलटसुलट दिशांनी एकावर एक शिवावेत, तशी ही बांधणी. रेडियल टायरात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मध्यरेषेशी काटकोनात जातात आणि त्यांच्यावर, नक्षीच्या खाली, बहुधा पोलादी तारांचा पट्टा आवळलेला असतो. पहिल्या प्रकारात बाजूची भिंत हलली की जमिनीला टेकणारा भागही हलतो. दुसऱ्यात ही दोन कामे वाटून दिलेली असतात. पुढील सर्व विवेचनाचे मर्म एवढ्यातच आहे.

गैरसमज : रेडियल ही अलीकडची वस्तू आहे, ती घातल्यास मोटारीचे अस्सलपण आणि विंटेज नोंदणी दोन्ही गमावतात.

वस्तुस्थिती : फ्रान्समधील मिशलँ कंपनीने रेडियलचे पेटंट १९४६ साली घेतले आणि १९४९ पासून तो टायर ‘एक्स’ या नावाने विक्रीस आणला; अँबेसिडर रस्त्यावर आली ती १९५७ साली. आपल्या देशात रेडियलचे उत्पादन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले, त्यामुळे तो येथील जुन्या मोटारींहून पुष्कळ अर्वाचीन वाटतो, इतकेच. अँबेसिडर ५.९०-१५ आणि पद्मिनी ५.२०-१४ मापाच्या क्रॉस-प्लाय टायरांवर धावत असे, हे खरे. म्हणून कारखान्यातून निघाली तशीच मोटार प्रदर्शनात मांडू इच्छिणाऱ्याने क्रॉस-प्लायचा आग्रह धरणे सयुक्तिक आहे. कायद्याचा दाखला मात्र त्या आग्रहास मिळत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी जे नियम जारी केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत भारी फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन अशी व्याख्या आहे. झिजणाऱ्या आणि बदलाव्याच लागणाऱ्या टायरची त्या फेरफारांत गणना केलेली नाही.

गैरसमज : रेडियल प्रत्येक बाबतीत सरस; क्रॉस-प्लाय कालबाह्य.

वस्तुस्थिती : वेगाने आणि दूरवर जावयाचे असेल तर रेडियलची बाजू निःसंशय बळकट आहे. क्रॉस-प्लायमध्ये परस्परांस छेदणारे थर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकमेकांवर घासतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. वैशाखातील खानदेशी उन्हात, डांबर तापून मऊ पडले असता, ही अंतर्गत उष्णता टायरच्या आयुष्याची वैरीण ठरते. रेडियल थंड राहतो, सावकाश झिजतो, इंधन थोडे वाचवतो आणि ओल्या रस्त्यावर, वळणावर, जमिनीला अधिक घट्ट धरून राहतो. उलटपक्षी, त्याची बाजूची भिंत पातळ आणि लवचीक असल्याने अणकुचीदार दगडाने ती चिरण्याचे भय अधिक असते. क्रॉस-प्लायची अनेक थरांची भिंत असा मार निमूटपणे सोसते. आणखी असे की, क्रॉस-प्लाय आपली पकड क्रमाक्रमाने, चालकास पूर्वसूचना देत सोडतो, तर रेडियल अधिक काळ धरून ठेवतो आणि सोडताना तुलनेने अकस्मात सोडतो. जुन्या मोटारीच्या स्प्रिंगा आणि सुकाणू पहिल्या स्वभावाशी जुळवून बेतलेले होते. म्हणून रेडियल घातल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्यावे आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग किंचित जड लागले तर त्याचा अचंबा मानू नये.

गैरसमज : रेडियलचे पोट फुगलेले दिसते, म्हणजे हवा कमी आहे.

वस्तुस्थिती : ते पोट हा त्या लवचीक भिंतीचा स्वभावधर्म आहे. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवून हवा भरीत गेल्यास टायर मध्यभागी लवकर झिजतो, धक्के वाढतात आणि पकड घटते. हवा गेजने, आणि टायर थंड असताना मोजावी. रेडियलला जुन्या पुस्तिकेतील क्रॉस-प्लायच्या आकड्याहून सामान्यतः दोन-चार पौंड अधिक लागतात, याहून जास्त नव्हे.

गैरसमज : रेडियल म्हणजेच ट्यूबलेस.

वस्तुस्थिती : रेडियल ही दोऱ्यांची मांडणी आहे आणि ट्यूबलेस ही हवा कोंडण्याची रीत, या दोन बाबी सर्वथा स्वतंत्र होत. ट्यूबलेस टायरची कड जागेवर राहावी म्हणून आधुनिक रिमवर जो उंचवटा असतो, तो जुन्या रिमवर नसतो. शिवाय गंज आणि ठोकाठोकी यांमुळे तिची कड हवाबंद राहिलेली नसते. अशा रिमवर रेडियलसुद्धा ट्यूब घालूनच बसवावा, आणि ती ट्यूब रेडियलसाठी बनवलेली असावी.

गैरसमज : पैसे जमतील तसे दोन-दोन टायर बदलावेत, नवे रेडियल पुढे, जुने नायलॉन मागे.

वस्तुस्थिती : या लेखातील सर्वांत घातक समज हाच. वळण घेताना पुढची रेडियल चाके रस्त्यास घट्ट धरतात, मागची क्रॉस-प्लाय चाके मात्र बाहेर सरकतात, आणि पावसाळ्यात गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाला मागे टाकून फिरण्याची वेळ येते. एकाच धुरीवर दोन प्रकार तर कदापि नसावेत. ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय अशी जोडणी कायद्यानेच निषिद्ध आहे. अगदीच नाइलाज असेल, तर रेडियलची जोडी मागे घालावी. परंतु योग्य मार्ग एकच, तो म्हणजे चारही टायर एका जातीचे असावेत, आणि स्टेपनीही त्याच जातीची, कारण वाटेत पंक्चर झालेल्या गाडीला निवडीची मुभा नसते.

गैरसमज : चौदा इंची रिमवर बसेल तो कोणताही चौदा इंची टायर चालतो.

वस्तुस्थिती : ५.२०-१४ या मापातील पहिला आकडा रुंदीचा असून ती सुमारे १३२ मिलिमीटर भरते. जुन्या टायरची उंची रुंदीच्या जवळजवळ बरोबरीची असे, त्यामुळे पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६१० मिलिमीटर होतो. १५५/८० आर १४ मापाच्या रेडियलचा व्यास ६०४ मिलिमीटर येतो, म्हणजे तो मुळाच्या निकट आहे. याउलट, रुंद आणि रुबाबदार दिसतो म्हणून १८५/६० आर १४ घातल्यास व्यास ५७८ मिलिमीटरवर उतरतो. गाडी जमिनीच्या जवळ जाते, वेगदर्शक काटा खऱ्याहून अधिक वेग दाखवतो, इंजिनास त्याच अंतरासाठी अधिक फेरे मारावे लागतात आणि अरुंद रिमवर रुंद टायर धड बसतही नाही. खरेदीपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन एवढा हिशेब करणे कोणासही शक्य आहे.

गैरसमज : ‘६ पी. आर.’ म्हणजे टायरात सहा थर. आणि नक्षी शाबूत म्हणजे टायर शाबूत.

वस्तुस्थिती : पी. आर. हा भार सोसण्याच्या शक्तीचा निर्देशांक आहे. सुती दोऱ्यांच्या काळात तो थरांच्या संख्येशी जुळत असे. नायलॉनचा दोरा अधिक बळकट असल्याने तीच शक्ती आता कमी थरांत साधते. नक्षीविषयीचा समज तर शौकिनांच्या मोटारींनाच अधिक बाधतो, कारण त्या चालतात थोड्या आणि उभ्या राहतात फार. रबर न वापरताही वाळते आणि तडकते. कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ठसठशीत असली तरी दहा वर्षांवरील टायर काढून टाकावा, अशी अनेक उत्पादकांचीच शिफारस आहे. दीर्घ मुक्कामात नायलॉन टायरला तळाशी सपाटी येते आणि पहिले काही अंतर गाडी थरथरते; यास्तव उभी गाडी अधूनमधून थोडी पुढेमागे करावी.

तात्पर्य, जी मोटार मिरवणुकीत आणि प्रदर्शनात मिरवायची, मंद गतीने आणि थोड्याच अंतरापर्यंत न्यायची, तिला मूळ मापाचे क्रॉस-प्लाय शोभतात आणि पुरतातही. जी इंदूर किंवा भुसावळच्या वाटेला नित्य लागते, तिला मूळ व्यासाशी जुळणारे पाच रेडियल, योग्य ट्यूब आणि तपासलेल्या रिमा, हाच सुरक्षित मार्ग होय. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी मालकाने आपल्या मोटारीचे मूळ माप आणि तिचा खरा उपयोग कागदावर मांडावा, आणि टायर हाती आल्यावर किंमत विचारण्याच्या आधी कडेवरील ते चार आकडे वाचावेत.